विंडोजचं अपडेट पुन्हा पुन्हा फसतंय? आधी बघा, ते नेमकं कुठे अडतंय

अपडेट फसलं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर 'रिट्राय'चं बटण दाबत बसतात, नाहीतर इंटरनेटवर सापडलेल्या दहा कमांड एकापाठोपाठ एक चालवून मोकळे होतात. पहिल्याने काही बिघडत नाही, पण काही सुटतही नाही. दुसऱ्याने मात्र मूळ खुणा पुसल्या जातात आणि दोष शोधणं दुप्पट अवघड होतं.

खालचं सगळं घरच्या विंडोज १० आणि ११ साठी आहे. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर यातलं काहीही करू नका. तिथे कोणतं अपडेट कधी येणार हे ऑफिसच्या नियमांवर ठरतं.

लक्षणं

- डाउनलोड ० टक्क्यांवर किंवा मध्येच कुठेतरी तासन्‌तास थांबतं.
- डाउनलोड पूर्ण होतं, 'इन्स्टॉलिंग' थोडं पुढे सरकतं आणि मग एक कोड दाखवून बंद पडतं.
- रीस्टार्टनंतर टक्के चढत जातात, मग 'अनडूइंग चेंजेस' असा संदेश येतो आणि अर्ध्या तासाने जुनंच विंडोज पुन्हा समोर उभं राहतं.
- अपडेट हिस्ट्रीत एकाच क्रमांकापुढे 'फेल्ड'च्या चार-पाच ओळी जमतात.
- काहीच चुकलेलं दिसत नाही, पण महिनोन्‌महिने नवीन अपडेटही येत नाही.

यातलं शेवटचं लक्षण अनेकदा बिघाड नसतोच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा योजनेत नोंदणी केली नसेल, तर त्या मशीनवर महिन्याची सुरक्षा अपडेट येणारच नाहीत. विंडोज ११ होमच्या प्रत्येक आवृत्तीलाही २४ महिन्यांचीच मुदत असते. स्टार्टमध्ये 'विनव्हर' (winver) टाइप करा, आवृत्ती लगेच दिसेल. मुदत संपली असेल, तर दुरुस्ती करायला काही उरत नाही, आवृत्ती बदलावी लागते.

बाकीच्या लक्षणांत सगळ्यात मोलाचा प्रश्न एकच: अपडेट रीस्टार्टच्या आधी फसलं की नंतर? डाउनलोडलाच अडलं, तर दोष नेटवर्क, तारीख किंवा अपडेटच्या साठ्यात (उतरवलेल्या फाइलींच्या फोल्डरमध्ये) असतो. रीस्टार्टआधी इन्स्टॉल करताना अडलं, तर जागा कमी असते, विंडोजच्या फाइल बिघडलेल्या असतात किंवा अँटीव्हायरस आड येतो. रीस्टार्टनंतर मागे फिरलं, तर संशय ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), डिस्क आणि छुप्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या राखलेल्या भागावर). हे वर्गीकरण काटेकोर नाही, पण कोणत्या दिशेने शोधायचं ते यावरून ठरतं.

म्हणून काहीही करण्याआधी सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्ट्री असं जा आणि दोन गोष्टी कागदावर उतरवून घ्या. एक म्हणजे 'केबी'ने सुरू होणारा सात अंकी क्रमांक, दुसरा एरर कोड. प्रत्येक कोडच्या सुरुवातीला 'शून्य एक्स' असतंच, त्यामुळे खाली तेवढं गाळून पुढचे अंक दिले आहेत.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

सुरुवात रीस्टार्टने. शट डाउनने नाही, रीस्टार्टनेच. 'फास्ट स्टार्टअप' चालू असलेल्या मशीनवर शट डाउन केलं की विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं. 'मी रोज रात्री बंद करतो की' म्हणणाऱ्याचं मशीन आतून तीन आठवडे बंद झालेलंच नसतं. आधीच्या अपडेटचं उरलेलं काम रीस्टार्टची वाट पाहत असेल, तर पुढचं अपडेट त्यावर चढत नाही.

दुसरं, ते खरंच अडकलंय का? डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मोठ्या अपडेटला दोन-तीन तास सहज लागतात. टक्के चढत असताना पॉवरचं बटण दाबून धरणं हे अर्धवट अपडेटचं मोठं कारण आहे. लॅपटॉप चार्जरला लावा आणि तीन तास जाऊ द्या. आकडाही हलला नाही आणि दिवाही पेटला नाही, तरच बंद करा.

मग घड्याळ. अपडेटच्या सर्व्हरशी बोलताना विंडोज सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत तपासतं. मशीनची तारीख चार वर्षं मागे असेल तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून निघालेलंच नाही, म्हणून जोडणी नाकारली जाते. अशा वेळी ८००७२एफ८एफ हा कोड येतो. तारीख दुरुस्त केली आणि मशीन प्लगमधून काढून परत लावल्यावर ती पुन्हा मागे गेली, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सीआर२०३२, ३ व्होल्टची असते. मशीन बंद करून प्लग काढून ती बदलायला पाच मिनिटं लागतात. लॅपटॉपमध्ये मात्र ती अनेकदा वायरीसह प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असते, ते काम सोडून द्या.

नेटवर्कसाठी फारसं करावं लागत नाही. व्हीपीएन बंद करा, वाय-फायच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा वाचवायला डाउनलोड रोखणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करा, आणि एकदा दुसऱ्या जोडणीवरून, म्हणजे मोबाईल हॉटस्पॉटवरून, डाउनलोड करून पाहा. ८००७२ईई२ म्हणजे सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही. हॉटस्पॉटवर तेच अपडेट उतरलं, तर दोष राउटरकडे आहे आणि विंडोजला हात लावायची गरज नाही.

पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर आणि विसरलेलं मेमरी कार्डही काढून ठेवा. आवृत्ती बदलताना विंडोज सगळे ड्राइव्ह आणि ड्रायव्हर तपासतं. कार्ड रीडरमध्ये राहिलेल्या कार्डामुळे अख्खं अपडेट मागे फिरू शकतं.

वेगळा अँटीव्हायरस घेतला असेल तर त्याचं प्रकरण निराळं. तात्पुरतं 'पॉज' करून भागत नाही, कारण त्याचा फाइल अडवणारा भाग तरीही मेमरीत बसून असतो. ८००७००२० हा कोड आला, तर अपडेटला हवी असलेली फाइल दुसऱ्याच कुणीतरी धरून ठेवली आहे. अँटीव्हायरस पूर्ण अनइन्स्टॉल करा (आधी त्याची लायसन्स की लिहून घ्या), रीस्टार्ट करा. मधल्या काळात विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो.

जागा: सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट

'सी ड्राइव्हवर ६ जीबी आहे आणि अपडेट ८०० एमबीचं, मग अडचण काय?' अडचण अशी की ते ८०० एमबी म्हणजे बांधलेलं गाठोडं. ते आधी उतरतं, मग सोडलं जातं, नव्या फाइल जुन्यांच्या शेजारी ठेवल्या जातात, आणि काही चुकलं तर मागे फिरता यावं म्हणून जुन्याही जपल्या जातात. एकाच वेळी तीन-चार प्रती डिस्कवर नांदत असतात. महिन्याच्या अपडेटसाठी किमान १० जीबी आणि आवृत्ती बदलण्यासाठी २५ ते ३० जीबी मोकळी ठेवा. जागा अपुरी पडली की कोड येतो ८००७००७०.

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जाऊन साफसफाई करा. पण त्या यादीत 'डाउनलोड्स' नावाचीही एक चौकट असते. सगळ्यांवर टिक करत सुटलेला माणूस तिथेही टिक करतो आणि डाउनलोड फोल्डरमधले पगाराचे कागद, फोटो, सगळं जातं. ती चौकट रिकामीच ठेवा.

'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर ती जुनी आवृत्ती आहे. दहा दिवसांनी विंडोज ती स्वतःच काढतं. नव्या आवृत्तीवर समाधानी असाल तर आजच काढा, बरेच जीबी मोकळे होतील.

एवढ्याने भागलं नाही, तर हायबरनेशनची फाइल, म्हणजे मशीन झोपवताना मेमरीतलं सगळं जिच्यात लिहिलं जातं ती. साधारण रॅमच्या ४० टक्के एवढी ती असते, म्हणजे १६ जीबी रॅमवर सहा जीबीहून जास्त. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत) 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' (powercfg /h off) दिलं की ती जाते. वर सांगितलेला फास्ट स्टार्टअपही त्याबरोबरच बंद होतो, हा वरचा फायदा.

विंडोज फोल्डरमधल्या 'विनएसएक्सएस'ला मात्र हाताने कधीही पुसू नका. तो पंधरा-वीस जीबीचा दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच फाइल दोन ठिकाणी दिसत असल्या तरी डिस्कवर एकच असतात. अपडेटचं गोदाम तेच आहे. ते मोडलं की पुढचं प्रत्येक अपडेट फसेल.

अपडेटचा साठा नव्याने बांधणं

डाउनलोड पुन्हा पुन्हा त्याच टक्क्यावर मरत असेल, तर आधी सेटिंग्जमधला विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवा. फार अपेक्षा ठेवू नका, पण बंद पडलेली सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा विंडोजचा प्रोग्रॅम) तो चालू करून देतो (८००७०४२२ हा कोड त्याच कारणाने येतो). नाही जमलं, तर:

१. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करून खिडकी उघडा. 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' या दोन्हींवर राइट क्लिक करून 'स्टॉप' करा.
२. सी ड्राइव्ह, विंडोज, तिथे 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन' फोल्डर. तो डिलीट करू नका, नावापुढे 'ओल्ड' जोडा.
३. 'फोल्डर वापरात आहे' असं उत्तर आलं, तर तुम्ही फोल्डर शोधत होता तेवढ्यात सर्व्हिस पुन्हा उठलेली असते. सर्व्हिसेसची खिडकी शेजारी उघडी ठेवा, 'अपडेट ऑर्केस्ट्रेटर सर्व्हिस'ही थांबवा आणि लगेच नाव बदला.
४. रीस्टार्ट करून 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. नवीन फोल्डर आपोआप तयार होतो.

अपडेट हिस्ट्रीची यादी यानंतर कोरी दिसेल. घाबरू नका, यादी पुसली गेली, बसलेली अपडेट नाहीत. कोड आधीच लिहून घ्यायला सांगितलं ते यासाठी.

विंडोजच्या फाइलींची दुरुस्ती

८००७३७१२ किंवा ८००एफ०८१एफ यांपैकी काही दिसलं, तर वर सांगितलेलं गोदामच बिघडलंय असं समजा. पण दुरुस्तीआधी डिस्क तपासा. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवणं म्हणजे तिच्यावर आणखी तासभर लिहिणं-वाचणं.

फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. सोबत इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजच्या नोंदवहीच्या) सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' या नावाखाली क्रमांक ७ च्या नोंदी आहेत का पाहा. ती नोंद म्हणजे डिस्कचा एखादा तुकडा वाचताच येत नाही. एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी असलेल्या विंडोज ११ वर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, अ‍ॅडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज, डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स इथे ड्राइव्हचं आरोग्यही दिसतं. यात काही वाईट दिसलं, तर अपडेटचा नाद सोडा. महत्त्वाच्या फाइल बाहेर काढा आणि डिस्क बदलायची तयारी करा.

डिस्क ठीक असेल, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये दोन कमांड, याच क्रमाने. प्रत्यक्ष टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth)
एसएफसी /स्कॅननाऊ (sfc /scannow)

प्रत्येक तिरप्या रेघेआधी एक स्पेस, नंतर स्पेस नाही. 'क्लीनअप' आणि 'इमेज' यांच्यात आडवी रेघ, तिथेही स्पेस नाही. 'अननोन ऑप्शन' असा संदेश आला, तर दहात नऊ वेळा स्पेसची चूक असते.

क्रम महत्त्वाचा का? एसएफसी बिघडलेली फाइल बदलतं ते गोदामातल्या प्रतीने. गोदामातलीच प्रत किडकी असेल तर ते काय बदलणार? डीआयएसएम आधी गोदाम नीट करतं. त्याची पट्टी ६२.३ टक्क्यांच्या आसपास बराच वेळ निश्चल दिसते. खिडकी बंद करू नका. एसएफसीने शेवटी 'काही फाइल दुरुस्त करता आल्या नाहीत' असं सांगितलं, तर रीस्टार्ट करून तीच कमांड आणखी दोनदा चालवा. काही दुरुस्त्या एकमेकींवर अवलंबून असतात.

यात एक खोच आहे. डीआयएसएम चांगल्या फाइली आणतं कुठून? विंडोज अपडेटवरूनच! म्हणजे ज्याचं डाउनलोडच बंद पडलंय, त्याच्याकडे डीआयएसएमही '८००एफ०८१एफ, सोर्स सापडला नाही' म्हणून हात वर करणार. म्हणून नेटवर्कची तपासणी आधी, ही नंतर. तरीही अडलं, तर एकच केबी वेगळं बसवून पाहता येतं. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये तो क्रमांक शोधा, आपल्या आवृत्तीची आणि प्रोसेसरची (बहुतेक घरी एक्स६४) फाइल उतरवा आणि डबल क्लिक करा. आर्म६४ ची फाइल चुकून उतरवली, तर 'हे अपडेट तुमच्या कॉम्प्युटरला लागू नाही' एवढंच उत्तर मिळतं. नुकसान काही नाही.

रीस्टार्टनंतर मागे फिरणारं अपडेट

सी१९००१०१ ने सुरू होणारा कोड म्हणजे जवळजवळ नेहमी ड्रायव्हर. कागदावर त्या कोडपुढे आणखी एक कोड असेल तर तोही ठेवा, नेमक्या टप्प्याची खूण त्यात असते. डिस्प्ले, वाय-फाय आणि स्टोरेज हे तीन ड्रायव्हर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, मॉडेल क्रमांक टाकून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाळा. चुकीचा ड्रायव्हर बसवून तीच हा दोष अनेकदा तयार करतात. सी१९००२०८ आला, तर एखादं जुनं प्रोग्रॅम आड येतंय. आवृत्ती बदलण्याच्या पडद्यावर त्याचं नाव दिलेलं असतं. ते अनइन्स्टॉल करा.

८००७०६४३ चं एक खास प्रकरण आहे. जानेवारी २०२४ मध्ये आलेलं केबी५०३४४४१ हे विंडोज १० चं अपडेट असंख्य घरांत याच कोडने फसलं. कारण सी ड्राइव्हवर जागा नसणं हे नव्हतंच. ते अपडेट रिकव्हरीच्या छुप्या पार्टिशनवर बसतं आणि तिथे २५० एमबी मोकळी लागते. अनेक मशीनवर ते अख्खं पार्टिशनच साधारण ५०० एमबीचं, आधीच भरलेलं होतं. ज्या मशीनवर रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट (विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीसाठी उघडणारी व्यवस्था) चालूच नाही, त्याला ते लागतच नाही. हेच एक अपडेट या कोडने फसतंय आणि बाकीची नीट बसताहेत, तर मशीन नेहमीसारखं चालू राहील. पार्टिशन लहान-मोठं करायच्या कमांड घरी, बॅकअपशिवाय चालवू नका. एक अंक चुकला की सगळा डेटा जातो.

८००एफ०९२२ हा तसाच. व्हीपीएन बंद करूनही तो येत राहिला, तर सुरुवातीचं छोटं सिस्टिम पार्टिशन भरलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथेही हात घालू नका.

शेवटचा घरगुती उपाय

फॉरमॅट नव्हे, वरून पुन्हा बसवणं. विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' असं बटण आहे. फाइल, प्रोग्रॅम, सेटिंग्ज तशाच ठेवून ते विंडोज नव्याने बसवतं. बटण नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (अख्खं विंडोज बसवायची एकच मोठी फाइल) उतरवा, डबल क्लिक करून त्यातलं 'सेटअप' चालवा. 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' हा पर्याय राखाडी, न दाबता येणारा दिसला, तर तिथेच रद्द करा. तुमच्या विंडोजची भाषा किंवा एडिशन आयएसओशी जुळत नाही, आणि पुढे गेलात तर प्रोग्रॅम पुसले जातील.

त्याआधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते पाहून लिहून ठेवा. 'मी कधी एन्क्रिप्शन लावलंच नाही' यावर विसंबू नका, बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप लागलेलं असतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

- डिस्कवर क्रमांक ७ च्या नोंदी आहेत आणि बॅकअप नाही. अशा वेळी मशीन बंद करा, आणखी एकदाही 'रिट्राय' नको.
- बिटलॉकर की मागितली जातेय आणि ती सापडत नाही.
- काम पार्टिशनच्या आकाराचं किंवा बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटचं आहे.
- मागे फिरल्यानंतर विंडोज सुरूच होत नाही, आणि रिकव्हरीच्या पडद्यावरून 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करूनही तेच.
- वरून पुन्हा बसवणंही त्याच कोडने फसलं. मग रॅम किंवा डिस्कचा संशय घ्यावा लागतो आणि सुटे भाग बदलून पाहण्याची सोय लागते.

येणाऱ्याला तो कागद द्या: केबी क्रमांक, कोड, रीस्टार्टआधी की नंतर, आणि तुम्ही काय काय करून पाहिलंत. ते न विचारता कुणी थेट फॉरमॅटचं नाव काढलं, तर दुसरा माणूस बघा.

अपडेट बसलं की 'विनव्हर'मध्ये बिल्ड क्रमांक बदललाय का ते पडताळा, अँटीव्हायरस परत लावा आणि आठवड्याभराने 'ओल्ड' जोडलेला तो फोल्डर डिलीट करा. त्यातच कधीकधी पाच-सहा जीबी अडकलेले असतात.